पिवळ्या गाडीच्या पाठीवरची अक्षरं

धम्मदीनाला ती गाडी पहिल्या दिवसापासून डोळ्यांसमोर नको होती. पिवळीधमक, पोट जमिनीला घासत चालणारी, बटण दाबलं की छप्पर उघडणारी, आणि एवढं करून माणसं मावतात दोनच. मुलाने, ज्ञानदीपने, ती सेकंडहँड उचलली. हप्ता त्याचा सॉफ्टवेअर कंपनीतला पगार खाऊ लागला, तेव्हा चिरंजीवांनी गाडी लग्नांना भाड्याने द्यायला काढली. इंदूरच्या नवरदेवांना हल्ली घोडीपेक्षा उघडी गाडी हवी असते. बारात मुंगीच्या पावलांनी सरकते आणि वाऱ्यासारखं पळायला बनवलेलं इंजिन ढोलांच्या मागे उकळत बसतं. चालवायला ज्ञानदीपच जायचा. गाडी परत यायची ती सीटवर हळदीचे डाग, छपराच्या खाचेत गुलाबाच्या पाकळ्या आणि क्लचचा जळका वास घेऊन.

"पांढऱ्या नंबरप्लेटची, खासगी गाडी भाड्याने देतोस. कोणी पकडलं तर?"

"मम्मी, तू ना बस टेन्शनच घेत रहा. अख्खं शहर हेच करतंय."

त्या गाडीवर तिला मान्य असलेली एकच गोष्ट होती. तिचे वडील चांगदेव, महूला राहणारे, फौजेतले निवृत्त हवालदार, वय ऐंशीच्या पार. घरात येणाऱ्या प्रत्येक वाहनावर ते स्वतःच्या हाताने निळ्या रंगात 'जय भीम' लिहीत. धम्मदीना शाळकरी होती तेव्हा सायकलच्या मडगार्डवर, पुढे लूनावर, मग स्कूटरवर. लिंबू-मिरची नाही, नारळ नाही. बुद्धवंदना म्हणायची आणि ब्रश उचलायचा. पिवळ्या गाडीच्या मागेही त्यांनी लिहिलं. जीभ दातांत धरली होती, सबंध सकाळ गेली.

एप्रिल लागला आणि देवांश नावाचा एक पोरगा अन्नपूर्णा भागातल्या त्यांच्या घरी गाडी बघायला आला. नवरदेवाचा धाकटा भाऊ. गाडीभोवती फिरला, बोनेटवर थापा मारल्या, आणि मागे येऊन थांबला.

"भिया, गाड़ी तो एक नंबर है. पर ये पीछे वाला ढँकवा देना. बारात में बड़े-बुजुर्ग रहेंगे हमारे. आप तो समझदार हो."

धम्मदीना फाटकाजवळ झाडांना पाणी घालत होती. पाइप तसाच हातात राहिला.

"हो जाएगा भिया," ज्ञानदीप म्हणाला. "पीला विनाइल चिपका देंगे, पता भी नहीं चलेगा."

ते तो इतक्या सहज बोलला, की हे पहिल्यांदा होत नाही, हे तिला तिथल्या तिथे कळलं.

"तारीख कौन सी है?" तिने लांबूनच विचारलं.

"चौदह अप्रैल, आंटीजी. खरमास उठते ही, पहला मुहूर्त."

चौदा एप्रिल. बाबासाहेबांची जयंती. त्या दिवशी आजोबांना याच गाडीत बसवून महूच्या मिरवणुकीत न्यायचं, असं ज्ञानदीपनेच त्यांना कबूल केलं होतं. म्हाताऱ्याने कोटावरची पदकं घासून ठेवली होती.

देवांश गेला आणि तिने पाइप फेकला.

"किती वेळा झाकलंस?"

"मोजलं नाही. धंदा आहे, मम्मी. संध्याकाळी काढतो ना!"

"आणि दिवसभर तू कोण असतोस?"

"ड्रायव्हर! कोणी आडनाव विचारत नाही, छान वाटतं मला. तुला काय माहीत ऑफिसात काय-काय ऐकावं लागतं."

"मला काय माहीत? शाळेत स्टाफरूममध्ये माझा कप वेगळा ठेवायचे रे. मी कधी नाव लपवलं नाही."

"म्हणून काय मिळालं तुला? वेगळा कपच ना?"

ती आत निघून गेली. रात्री दोघं वेगवेगळे जेवले. सकाळी त्याच्या पोह्यांच्या बशीशेजारी तिने एक पाकीट आपटलं.

"चौदा तारखेची बुकिंग. त्या पोरापेक्षा जास्त आहेत."

"मम्मी, ड्रामा नको."

"ग्राहकाने अट घालायची आणि तू मान तुकवायची, हेच तुझं दुकान ना? मग माझी अट ऐक. अक्षरं उघडी, आणि गाडी महूला."

त्याने पाकिटातल्या नोटा मोजल्या. मग पाकीट खिशात घालून म्हणाला, "ओके मॅडम. पावती देऊ?"

पैसे परत केले असते तर तिला बरं वाटलं असतं. त्याने ते केलं नाही.

जयंतीच्या सकाळी ती गाडीच्या मागे गेली आणि थबकली. आदल्या दिवशी कोणाच्या फोटोशूटला लावलेलं विनाइल ओढून काढताना त्याच्याबरोबर आजोबांचा रंगही निघाला होता. 'म' अर्धा गेलेला, कडेला काळपट चिकट डिंक. ती तशीच जाऊन त्याच्या शेजारी बसली. महूपर्यंत दोघं खांद्याला खांदा लावून बसली होती. गाडीला मागची सीट असती, तर ती मागे बसली असती.

चांगदेव दारात तयार होते. पांढरा सदरा, कोट, पदकं. बसायच्या आधी सवयीने ते गाडीच्या मागे गेले. अक्षरांवरून बोट फिरवलं. बोट चिकटलं.

"हे कशाने गेलं?"

'धुताना गेलं, बाबा,' हे तिच्या ओठांवर आलं होतं. आज म्हाताऱ्याचं मन तरी राखावं. पण तिने ते गिळलं. ज्याची गाडी त्याने सांगावं.

"झाकलं होतं, आजोबा," ज्ञानदीप खाली बघून म्हणाला. "भाड्यासाठी. गिऱ्हाइकं सांगतात."

"मग गिऱ्हाइकांना बसव," चांगदेव म्हणाले, आणि काठी टेकत मिरवणुकीच्या दिशेने चालू लागले.

धम्मदीना त्यांच्या मागे धावली. पाठीमागे इंजिन सुरू झालं. ज्ञानदीपने हॉर्न वाजवला नाही, हाक मारली नाही. म्हाताऱ्याच्या काठीच्या चालीने गाडी मागे-मागे सरकवत राहिला. बारातीत सरकवायचा तशीच. निळे झेंडे घेतलेली पोरं वाट काढून पुढे जात होती. एकजण ओरडला, "भिया, दूल्हा तो पैदल जा रहा है!" आजूबाजूला हशा पिकला. ज्ञानदीपचे कान लाल झाले. चांगदेवांनी मान वळवली नाही.

बाबासाहेबांच्या जन्मस्थळाच्या स्मारकाअलीकडे जळका वास आला, तेव्हा मात्र ते मागे न बघता लेकीला म्हणाले, "क्लच गेला त्याचा. बंद कर म्हणावं, आणि ढकलत घरी ने."

त्याने ढकलली. ऑफिसला घालायच्या शर्टात, घामाने निथळत, परतीच्या वाटेने आजोबांच्या दारापर्यंत. कोणी हात लावायला गेलं की चांगदेव काठी आडवी धरायचे.

दारात पोचल्यावर त्यांनी निळ्या रंगाचा डबा आणि ब्रश आणून त्याच्यापुढे ठेवला.

"ज्याने घालवलं त्याने लिहावं."

ज्ञानदीप उकिडवा बसला. त्याने जन्मात कधी ब्रश धरला नव्हता. 'म'ची काठी वाकडी आली, रंग ओघळला. पुसायला गेला तर आणखी पसरला. चांगदेव खुर्ची टाकून बघत बसले. ना शाबासकी, ना शिवी.

त्याच्या खिशातला फोन वाजला. बोटं निळी होती, म्हणून धम्मदीनाने तो काढून कानाला लावला. कोणाच्या तरी बारातीसाठी गाडी हवी होती.

"विचारताहेत, मागे काही लिहिलंय म्हणे, ते झाकून मिळेल का?"

"सांग, रंग ओला आहे."

"आणि वाळल्यावर?"

'म'वर आणखी एक थर चढवायला त्याने ब्रश पुन्हा डब्यात बुडवला.