बातमी घरातच होती

मुक्तानं माझ्याकडे शेवटचं काही मागितलं असेल, तर ते वर्तमानपत्र. आणि मी ते दिलं नाही. दवाखान्यातली सकाळ होती. तिच्या हाताला सलाईन, ओठ सुकलेले, डोळ्यांभोवती सूज. मी आत गेलो तशी म्हणाली, "मामा, पेपर आणलास?" पेपर माझ्या पिशवीत होता. घरातून निघताना मी एक वेळ चष्मा विसरेन, पेपर विसरणार नाही. पण नर्सनं नुकतंच बजावलं होतं की पेशंटला आराम हवा, फार बोलायला लावू नका. मी म्हटलं, "आज जगाला जरा सुट्टी दे." ती हसली. माझ्या असल्या बोलण्यावर हसायची तिला सवय झाली होती. दुपारी तिला अतिदक्षता विभागात हलवलं, आणि त्यानंतर आमचं बोलणं झालं नाही. वीस वर्षांची होती. डेंग्यूनं गेली.

मुक्ता माझ्या धाकट्या बहिणीची, शैलाची मुलगी. शैला कराडला असते. बारावीनंतर मुक्तानं भूगोल घेऊन पुण्यात शिकायचं ठरवलं, आणि धायरीत आमचा फ्लॅट असताना तिनं हॉस्टेलवर राहण्याचा प्रश्नच नव्हता. आम्हाला मूलबाळ नाही. मी एका मराठी दैनिकात उपसंपादक होतो, आयुष्यभर डेस्कवर बसलो, निवृत्त होऊन काही वर्षं झाली होती. घरात मी, सुनंदा आणि सकाळचे दोन पेपर, एवढाच संसार. त्यात ही पोरगी आली. येताना एक सॅक आणि भिंतीवर लावायचा जगाचा मोठा नकाशा घेऊन आली. "भूगोल शिकून पुढे काय?" असं मी पहिल्याच दिवशी विचारलं. "पुढे आख्खं जग असतं की रे मामा," ती म्हणाली. मला वाटलं, चटपटीत उत्तर आहे. तिनं ते मनापासून दिलं होतं, हे कळायला मला वेळ लागला.

आमच्याकडे पेपर वाचायची एक शिस्त होती. आधी मी वाचणार, मग सुनंदा, आणि त्यातल्या चुका मी मोठ्यानं वाचून दाखवणार. मुक्तानं ती शिस्त पहिल्याच आठवड्यात मोडली. ती पेपर जमिनीवर पसरून त्यावर जवळजवळ पालथी पडून वाचायची, आणि बातमी वाचताना तिच्या तोंडून आवाज निघायचे. "अरे!", "नाही ना...", "शी!" कुठे दरड कोसळली, कुठे चेंगराचेंगरी झाली, परीक्षेचा पेपर फुटला, परदेशात कुठे भूकंप झाला, सगळं तिला लागायचं. आणि आनंदही तसाच. चंद्रावर आपलं यान उतरलं त्या संध्याकाळी तिनं मला टीव्हीसमोर उभं केलं, "बसून काय बघतोस!" म्हणून. यान टेकलं तशी ती ढसाढसा रडली आणि खाली जाऊन वॉचमनच्या बायकोला पेढा देऊन आली. मी म्हटलं, "तू काय इंजिन बसवलं होतंस का त्यात?" म्हणाली, "मामा, तुला ना काहीच होत नाही."

खरं होतं ते. मला काही होत नसे, आणि त्याचा मला थोडा अभिमानही होता. डेस्कवर माणूस हळवा असून चालत नाही. बातम्या येत राहतात, पानं वेळेवर सोडायची असतात. एकदा नाश्त्याला बसलो असताना तिनं विचारलं, "कुठली बातमी पहिल्या पानावर आणि कुठली आत, हे तुम्ही ठरवता कसं?" मी खुशीत आलो. आपला धंदा समजावून सांगायची संधी निवृत्त माणसाला फारशी मिळत नाही. मी तिला सांगितलं की अपघाताच्या बातमीत दोन गोष्टी बघायच्या, माणसं किती गेली आणि कुठे गेली. शहरात एखादं माणूस गेलं तरी बातमी मोठी होते. परदेशात बोट बुडाली, तर आकडा तसाच मोठा असल्याशिवाय ती आतल्या पानावरही येत नाही. मी हे सगळं नवख्या उपसंपादकाला शिकवावं तसं सांगत होतो. तिनं पोह्यांचा चमचा खाली ठेवला.

"म्हणजे लांबची किती माणसं मिळून जवळचं एक माणूस होतं, असं?"

"असं कोणी म्हणत नाही. पण वाचकाला जवळचं लागतं."

"आणि नावं? नावं का नाही छापत?"

"जागा नसते."

 सुनंदाच म्हणाली, "अहो, तिला खाऊ द्या आधी." मी विषय बदलला. आपण काही चुकीचं सांगितलं असं मला वाटलं नाही. आजही ते चुकीचं होतं असं म्हणता येत नाही... सगळीकडचे पेपर तसेच निघतात.

तिच्या दुसऱ्या वर्षातली गोष्ट. सुदानमधल्या लढाईची बातमी पेपरात कधी यायची, कधी यायची नाही. मुक्ताला आठवलं की तिच्या कॉलेजच्या कँटीनमध्ये एक सुदानी मुलगी दिसते. ही सरळ तिच्यासमोर जाऊन बसली, ओळख करून घेतली आणि रविवारी तिला स्कूटीवर मागे बसवून घरी घेऊन आली. आमना तिचं नाव. फार्मसी शिकायला आलेली, डोक्याला फिकट निळा रुमाल, आवाज इतका हळू की कान द्यावा लागे. सुनंदानं तिला तिखट चालतं का ते विचारलं. मी विचारलं, तिकडे नेमकं कोण कोणाशी लढतंय, लष्कर कुणाच्या बाजूला, शेजारच्या देशांची भूमिका काय. ती बिचारी जेवणाचं ताट समोर घेऊन इंग्रजीत नीट उत्तरं देत राहिली. मला वाटलं, चांगली चर्चा झाली. तिला सोडून आल्यावर मुक्ता स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली.

"मामा, तिला भाऊ आहे का, ते विचारायचं होतंस."

"का? आहे का?"

"आहे. धाकटा. गेल्या महिन्यापासून त्याचा फोन लागत नाहीये."

त्यानंतर रोज सकाळी पेपर उघडण्याआधी मुक्ता आमनाला मेसेज करायची. मी चहा पीत असायचो आणि ती फोनकडे बघत असायची. "नाही लागला," एवढंच म्हणायची, मग पेपर घ्यायची. मी कधी विचारलं नाही, पण सांगायची. एके दिवशी ती इतक्या जोरात ओरडली की सुनंदाच्या हातातली गाळणी पडली. तो मुलगा इजिप्तला पोचला होता, कुणाच्या तरी फोनवरून त्यानं बहिणीला कळवलं होतं. मुक्ता सकाळच्या पहिल्या लेक्चरला बुट्टी मारून आमनाकडे गेली. त्या दिवशी मी पेपरात सुदानची बातमी शोधली. नव्हती.

आता सांगायचं ते सांगतो. गणपती होऊन गेले होते. मुक्ताला ताप आला. अंग दुखतंय म्हणाली, डोळे दुखतायत म्हणाली. मी म्हटलं, "व्हायरल असणार, सगळीकडे आहे." तापाची गोळी दिली, सुनंदानं आल्याचा चहा केला. ती आतल्या खोलीत पडून राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी नेहमीप्रमाणे पेपर घेऊन बसलो. पाचव्या पानावर मथळा होता, शहराला डेंग्यूचा विळखा. मी सुनंदाला हाक मारली आणि मोठ्यानं वाचून दाखवलं. "हा विळखा बघ. आम्ही दर पावसाळ्यात घालायचो. अजून तोच विळखा. या पोरांना दुसरा शब्द सुचत नाही का?" सुनंदा हसली. आत मुक्ता तापानं फणफणली होती, आणि मी मथळ्यातला शब्द तपासत होतो. बातमी मी सबंध वाचली होती. लक्षणंही दिली होती खाली, छोट्या चौकटीत. ताप, अंगदुखी, डोळ्यांच्या मागे दुखणं. चौकट चांगली जमली आहे, असं मला वाटल्याचंही आठवतंय.

मग ताप उतरला. आम्हाला हायसं वाटलं. तिनं मऊ भात खाल्ला, थोडा वेळ बाल्कनीत बसली. ताप उतरल्यावरच खरं सांभाळायचं असतं, हे आम्हाला डॉक्टरांकडून कळलं, ते उशिरा. दुसऱ्या दिवशी पहाटे तिला उलट्या सुरू झाल्या, पोट दुखायला लागलं, हातापायांना घाम. आम्ही रिक्षानं सिंहगड रस्त्यावरच्या एका दवाखान्यात नेलं. रक्त तपासलं, प्लेटलेट खाली गेलेल्या. तिच्या वर्गातली मुलं रक्तपेढीत जाऊन उभी राहिली. आमना खालच्या बाकावर बसून होती, कुणी उठवलं तरी उठेना. शैला आणि तिचे यजमान कराडहून आले. पेपर मागितल्याचं मी सुरुवातीला सांगितलं, ते दाखल केल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळचं.

ती गेल्यावर मी डॉक्टरांना गाठलं. "आधी आणलं असतं तर?" असं विचारलं. तरुण डॉक्टर होते, रात्रभर जागे असावेत. माझ्याकडे बघून म्हणाले, "काका, काही केसेस आधी येऊनही जातात. आपण सांगू नाही शकत." मी परत विचारलं. त्यांनी परत तेच सांगितलं. त्यांचं म्हणणं खरं असेल. पण मला जे विचारायचं होतं ते त्यांना उद्देशून नव्हतंच... शैलानं मला एका शब्दानं दोष दिला नाही. परत निघताना माझा हात धरून म्हणाली, "दादा, तुझ्याकडे होती म्हणून मी कधी काळजीच केली नाही रे." तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्याच आठवड्यात माझ्या जुन्या पेपरमधून फोन आला. आरोग्याच्या बातम्या करणारी मुलगी होती, मी निवृत्त व्हायच्या सुमाराला लागलेली. अडखळत म्हणाली, "सर, डेंग्यूच्या मृत्यूंची बातमी करतेय. त्यात... म्हणजे आपल्याकडची पण... तुमची हरकत असेल तर फक्त 'एक विद्यार्थिनी' असं घेते." मी म्हटलं, "नाव छाप. आईवडिलांचं नाव घालून पूर्ण छाप. भूगोल शिकत होती, तेही लिही." ती म्हणाली, "सर, जागा..." आणि थांबली.  दुसऱ्या दिवशी नाव आलं होतं, पूर्ण. सुनंदानं तो पेपर घडी घालून ठेवला. मी अजून पाहिलेला नाही.

आमच्या वरच्या मजल्यावर आयटीतली चार मुलं भाड्यानं राहतात, सगळी बाहेरची. त्यांच्या गाणी लावण्यावरून मी सोसायटीच्या मीटिंगमध्ये बोललो होतो, त्यामुळे ती मला जिन्यात बघून अंग चोरतात. मागच्या पंधरवड्यात त्यांच्यातला एक जण लिफ्टमध्ये भेटला, हातात नारळपाणी. मी विचारलं, कुणासाठी? म्हणाला, "रोहित को फीवर है अंकल, कल से." मी त्याच्याबरोबर तसाच वर गेलो. तो रोहित गादीवर पांघरूण घेऊन पडला होता. मला बघून उठायला लागला. "कुछ नहीं अंकल, वायरल है बस. सबको हो रहा है."

माझे शब्द होते ते. मी त्याला म्हटलं, "कपडे पहन. चल." बाकीची मुलं एकमेकांकडे बघायला लागली. त्यांना वाटलं असणार, म्हातारा बिघडला. मी त्याला रिक्षात घालून लॅबमध्ये नेलं, रक्त द्यायला लावलं, रिपोर्ट येईपर्यंत तिथून हललो नाही. डेंग्यूच निघाला. डॉक्टरांनी त्याला दाखल करून घेतलं. ताप उतरला तेव्हा तो घरी जायचं म्हणाला, तर मी त्याच्यावर ओरडलो. वॉर्डातली माणसं बघायला लागली इतका ओरडलो. तो घाबरून पडून राहिला. बरा झाला, घरी आला. आता जिन्यात भेटला की पाया पडायला वाकतो, मी चिडतो.

परवा तो खाली आला, फोन कानाला लावलेला. म्हणाला, "अंकल, मम्मी. राँची से. आपसे बात करनी है." मी नको म्हणत होतो, पण त्यानं फोन हातात दिला. त्या बाई बोलायच्या आधी रडल्याच. "भाईसाहब, आपने मेरा बेटा बचा लिया. परदेस में कौन किसको देखता है..." असं बरंच काही. मी हूं हूं करत राहिलो. ते आभार घ्यायला माझ्याकडे जागाच नव्हती. मध्येच त्यांनी नाक पुसलं असावं, आवाज सावरून, बायका विचारतात तसं साध्या आपुलकीनं विचारलं, "आपके कितने बच्चे हैं, भाईसाहब?"

मी म्हटलं, "एक भांजी." पुढे 'है' म्हणालो की 'थी', ते मला आठवत नाही. काहीतरी म्हणालो असेन, कारण पलीकडून त्या बाई म्हणाल्या, "भगवान उसे लंबी उमर दे."

मी फोन सुनंदाच्या हातात दिला आणि मुक्ताच्या खोलीत जाऊन बसलो.