ठणठणीत माणसाचा अर्ज

हाफ मेजरला "काय, बरा आहेस ना?" असं विचारायची सोय नव्हती. तुम्ही-आम्ही अशा प्रश्नाला "हो, मजेत" म्हणतो आणि पुढे जातो. हा सायकल स्टँडवर लावायचा, क्षणभर विचार करायचा आणि खरंखुरं उत्तर द्यायचा. "सोळाशे मीटर पळायला आज पाच मिनिटं चौतीस सेकंद. काल पाच एकतीस होता. डावी पोटरी जरा धरलीय, पन झोप चांगली झाली. पोट साफ हाय." हे सगळं भर कॉलेजच्या आवारात, मुलींच्या घोळक्यासमोर. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हसू आवरेना. आज मात्र मी त्याच्यावर लिहायला बसले आहे ती रागात बसले आहे, हे आधीच सांगून टाकते.

तो सायखेड्याचा. बी.कॉम.ला माझ्या वर्गात होता. फौजेत जायचं म्हणणारी मुलं आमच्या कॉलेजात पुष्कळ होती, पण याला जायचं होतं प्रादेशिक सेनेत. म्हणजे एरवी आपला कामधंदा करायचा, वर्षातले काही आठवडे वर्दी चढवून प्रशिक्षणाला जायचं, आणि देशाला गरज पडली की हातातलं काम टाकून निघायचं. वर्गातल्या टवाळांना एवढं पुरे होतं. त्यांनी त्याचं 'हाफ मेजर' करून टाकलं. तो चिडला नाही. उलट शांतपणे म्हणाला, "हाफ कसा? फौजी एक काम करतो, मला दोन करायला लागतील. डबल म्हना." या सेनेत पोटापाण्यासाठी जायचं नसतं, आपलं काम आधी असावं लागतं. म्हणून त्याला पदवीही हवी होती, नोकरीही हवी होती आणि वर्दीही. तिन्ही एकदम आणि तिन्ही पूर्ण.

इंदिरानगरात आमच्या मागच्या गल्लीत त्याची खोली होती. सकाळी साडेपाचला तो मैदानावर हजर असे. तिथे एक निवृत्त सुभेदार भरतीच्या मुलांना पळवायचे, बीमवर लोंबकळायला लावायचे. साडेसातला तिथून सुटून, अंगावर दोन तांबे पाणी ओतून, सायकल हाणत तो सव्वाआठच्या दुसऱ्या तासाला वर्गात येई. शेवटच्या बाकावर बसून भिजवलेले हरभरे खाई. एकदा अकाउंटन्सीचे सर शिकवता शिकवता थांबले आणि म्हणाले, "कोण रवंथ करतंय रे?" हा उठून उभा राहिला. "मी, सर. पळायच्या आधी खाल्लं तर उलटी होती, नंतर नाय खाल्लं तर चक्कर येती, आता खाल्लं तर तुम्हाला तरास होतो. कधी खाऊ?" तो खरंच वेळ विचारत होता. सर त्याच्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "खा बाबा, खा." त्यानंतर त्या तासाला हरभरे हा वर्गाचाच खाऊ झाला. मीही खाल्लेत.

संध्याकाळी तो आमच्या फॅमिली डॉक्टरांच्या दवाखान्यात बसे. केसपेपर काढायचे, नंबर पुकारायचे, फोन घ्यायचे. "नंबर चौदा! उठा, सावकाश, घाई नाय," असं तो पुकारी, आणि मग त्या चौदा नंबरच्या आजींना "काय होतंय?" असं विचारून बसे. आजी सुनेपासून सुरुवात करायच्या. हा पेन खाली ठेवून पूर्ण ऐके. रांग खोळंबे, डॉक्टर आतून बेल मारत. मी त्याला म्हटलं, "अरे, तू केसपेपर लिही ना नुसता." तर म्हणाला, "ऐकल्याबिगर काय लिहू?" म्हातारी माणसं मात्र खूश असत. माझी आई साधा खोकला झाला तरी तो असायच्या वेळेलाच जाई.

त्याचं अक्षर सुरेख होतं. गोल, सुटं, शाळेच्या फळ्यावर शोभेल असं. म्हणून डॉक्टरांनी त्याला आणखी एक काम लावलं होतं, मेडिकल सर्टिफिकेटं लिहिण्याचं. परीक्षा जवळ आली की कॉलेजची पोरं दवाखान्यात रांग लावत. ज्याची हजेरी कमी, त्याला आजाराचा दाखला आणावा लागे. डॉक्टर आतून म्हणत, "याला कावीळ लिही. तिला टायफॉइड." हा लिही, डॉक्टर सही करत. कोणी कोणाचा हात धरून नाडीसुद्धा बघत नसे. माझा टायफॉइड त्यानेच लिहिला. अमुक-तमुक हिला टायफॉइड झाल्याने एकवीस दिवस सक्त विश्रांतीची गरज होती, आता ती कॉलेजला जाण्यास योग्य आहे. माझी हजेरी का कमी होती, ते सांगायची लाज वाटते. मला सकाळी उठवत नसे, बस.

आता कॉलेजचा कारभार ऐका. आमच्याकडे हजेरी फक्त पहिल्या तासाला घेत आणि तीच अख्ख्या दिवसाची धरत. तिसऱ्या वर्षाला हा पहिला तास सकाळी साडेसातचा झाला. म्हणजे हजेरी देऊन कँटीनमध्ये जाऊन बसलेला दिवसभर हजर, आणि दुसऱ्या तासापासून शेवटच्या तासापर्यंत बाकाला चिकटून बसलेला हाफ मेजर दिवसभर गैरहजर! हे ज्याच्या डोक्यातून निघालं त्याला शोधून काढून साडेसातला मैदानावर पळवायला हवं होतं. परीक्षेआधी फलकावर यादी लागली, कमी हजेरीमुळे परीक्षेला बसता न येणाऱ्यांची. नाव त्याचंही होतं, माझंही होतं.

उपप्राचार्यांनी त्याला बोलावून घेतलं. मीही माझा कागद द्यायला तिथेच उभी होते. उपप्राचार्य काही वाईट माणूस नव्हते. अगदी मायेने म्हणाले, "अरे, एक मेडिकल आणून दे, विषय संपला. तू तर दवाखान्यातच काम करतोस ना?" हाफ मेजर म्हणाला, "पन मी आजारी नव्हतो, सर." दुसऱ्या दिवशी त्याने अर्ज आणून दिला. त्याच गोल, सुट्या अक्षरात लिहिलं होतं, 'मी आजारी नव्हतो. मी धावत होतो. पहिल्या तासाला येऊ शकलो नाही, बाकी सर्व तासांना हजर होतो, शिक्षकांना विचारावे. तब्येत ठणठणीत आहे. परीक्षेला बसू द्यावे.' उपप्राचार्यांनी कपाळाला हात लावला. म्हणाले, "आजाराला सवलत आहे रे. ठणठणीत माणसाला सवलत द्यायची म्हटली तर कुठल्या नियमात बसवू?"

हे ऐकून माझं डोकं फिरलं, पण राग निघाला तो हाफ मेजरवर. त्या संध्याकाळी दवाखान्याच्या पायरीवर मी त्याला फाडून खाल्लं. म्हटलं, "पॅड तुझ्या टेबलावर, पेन तुझ्या हातात, सही आतल्या खोलीत. पाच मिनिटांचं काम आणि तू वर्ष घालवणार?"

तो म्हणाला, "मला वर्षभरात सर्दी झाली नाय. एवढं अंग कमावलं आणि कागदावर आजारी पडू? उद्या भरतीला कोन्या तोंडानं उभा राहू?"

"मोठा सत्यवादी लागून गेलास! माझा टायफॉइड कोणाच्या अक्षरात आहे? अर्ध्या वर्गाला कावीळ कोणी केली? तेव्हा कुठे गेला होता तुझा खरेपणा?"

त्याने आपल्या हाताकडे पाहिलं. मग म्हणाला, "बरोबर बोललीस." आणि आत जाऊन त्याने पुढचा नंबर पुकारला.

मी जिंकले असं समजून घरी गेले. मूर्ख मी. मला वाटलं, आता हा स्वतःचा दाखला लिहील. याने दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना सांगितलं की तपासल्याशिवाय तो यापुढे कोणाचाच दाखला लिहिणार नाही. डॉक्टर हसले. "अरे, सही माझी असते, तुझं काय जातंय?" हा म्हणाला, "अक्षर माझं असतंय, सर." डॉक्टर पुन्हा हसले, आणि उद्यापासून येऊ नकोस म्हणाले. आमच्या तीन पिढ्यांना औषध देणारा, रात्री-अपरात्री घरी येणारा हा माणूस. तो दुष्ट असता तर मला रागावणं किती सोपं गेलं असतं.

अर्ज नामंजूर झाला, टायफॉइड मंजूर झाला. 'शिक्षकांना विचारावे' असं त्याने लिहिलं होतं, पण एकाही शिक्षकाला कोणी विचारलं नाही, आणि एकानेही आपणहून जाऊन सांगितलं नाही की हा मुलगा माझ्या प्रत्येक तासाला समोर बसलेला असतो. अकाउंटन्सीच्या सरांना मी जिन्यात गाठलं. ते चष्मा पुसत म्हणाले, "माझा तास दुसरा ना गं. हजेरी पहिल्या तासाची." आम्ही परीक्षा दिली. हाफ मेजरने पाथर्डी फाट्यावर एका सायकलच्या दुकानात काम धरलं आणि पळणं चालूच ठेवलं. माझ्यावर तो एका शब्दाने रागावला नाही, याचाही मला राग येई.

दिवाळीनंतर देवळालीच्या छावणीत प्रादेशिक सेनेची भरती निघाली. पळण्यात तो पाच चोवीसला आला, बीमवर दहा पुलअप काढले. संध्याकाळी सायकलवरून येऊन त्याने हे आमच्या फाटकाबाहेरूनच ओरडून सांगितलं आणि आईने त्याला आत बोलावून शिरा खाऊ घातला. वर्ष गेलं तर गेलं, पदवी पुढच्या खेपेला घेऊ, वर्दी तर मिळाली, असं आम्ही सगळेच धरून चाललो होतो. मेडिकल तेवढं राहिलं होतं. या मुलाच्या मेडिकलची काळजी कोण करणार?

आठ-दहा दिवस तो दिसला नाही म्हणून मी त्याच्या खोलीवर गेले. तो सामान बांधत होता. मला बघून त्याने पिशवीतून एक कागद काढून दाखवला. अनफिट. रंगीत ठिपक्यांचं एक पुस्तक असतं, त्या ठिपक्यांत आकडे असतात. आपल्याला दिसतात, त्याला दिसले नाहीत. लाल आणि हिरवा रंग त्याला वेगळे ओळखू येत नाहीत, जन्मापासून. त्यावर औषध नाही, व्यायाम नाही.

"भांडलास की नाही? पुन्हा तपासा म्हणायचं!"

"केलं अपील. दुसऱ्यांदा बी तेच निघालं."

"अरे, पण इतकी वर्षं तुला कळलं कसं नाही? मैदानावर नाव घालताना फिटनेसचा दाखला नव्हता लागला?"

"लागला ना." तो पिशवीची दोरी ओढत होता. "तवा मी दवाखान्यात नवीनच लागलो होतो. डॉक्टर सर म्हनले, तुझं अक्षर चांगलं हाय, तूच लिही, मी सही करतो. डोळे नॉर्मल, कान नॉर्मल, छाती नॉर्मल. मीच लिहिलं. सरांनी मान वर केली नाय, आन मी बी तपासा म्हनलो नाय. पहिलं सर्टिफिकेट माझंच लिहिलं मी."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. अडीच वर्षं! अडीच वर्षं हा पोरगा पोटऱ्या धरेपर्यंत पळाला, हजेरी घालवली, वर्ष घालवलं, आणि त्या पहिल्या दिवशी कोणी दोन मिनिटं ते ठिपके त्याच्यासमोर धरले असते, तर तो साडेसातला वर्गात येऊन बसला असता. मी ओरडायला लागले. काय काय बोलले ते आठवत नाही. त्याने मला पुरतं बोलू दिलं, मध्ये तोडलं नाही. मग तो कागद नीट घडी घालून आत ठेवत म्हणाला, "तू कशाला चिडतीस? त्यांनी पार नखापासनं तपासलं मला, मग लिहिलं. आजवर माझ्याबद्दल जेवढे कागद झाले ना, त्यात हा एकच खरा हाय."

त्याला सायखेड्याच्या बसमध्ये बसवून मी तशीच दवाखान्यात गेले. नंबर न लावता आत शिरले. डॉक्टरांना सगळं सांगितलं. त्यांना मनापासून वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. "अगं, इतका धडधाकट पोरगा, मला वाटलं काय तपासायचं," असं ते दोनदा म्हणाले. मी म्हटलं, "डॉक्टर, मलाही टायफॉइड झाला नव्हता." त्यांनी माझ्याकडे जरा गोंधळून पाहिलं. मी कशासाठी आले आहे, ते त्यांना कळेना. मग समजूत घातल्यासारखं त्यांनी विचारलं, "पण तू पास झालीस ना?"

झाले होते. फर्स्ट क्लास मिळाला होता. तसं मी त्यांना सांगितलं, आणि घरापर्यंत रडत आले.