नीमाचा चहा आणि माझे गुडघे

कुंभार पिंपळगावच्या फाट्यावर बाप मला जालन्याच्या बसमंदी बसवायला आल्ता. गठुड्यात भाकरी अन् लसणाची चटणी. बस हलली तसा खिडकीपाशी येऊन म्हणला, "कारखान्यात लोखंड उचल, काय पायजे ते उचल. पण कुणापुढं गुडघे टेकू नको." त्याच्या बापानं जन्मभर दुसऱ्याच्या दारात उकिडवं बसून भाकर घेतल्ती. आम्ही बौद्ध झालो, तवापासून घरात हा एकच कायदा.

गावाकडच्या माझ्या लोकांनो, शाळा माझी नावाला, पण हा कायदा मी जालन्यात बराबर पाळला.

मागल्या साली नातवाच्या कॉलेजात वर्षभर शिकायला आफ्रिकेतून एक पोरगी आली. टांझानियाची नीमा. अशी पोरं इथल्या कुटुंबात ऱ्हातात. ज्या घरी तिचं ठरल्तं, त्यांनी तिला डोळ्यांनी बघितलं अन् "जागा न्हाई" म्हणले. हे बोलणं माझ्या ओळखीचं. भाड्यानं खोली शोधताना आडनाव सांगितलं की मलाबी हेच ऐकू यायचं. मी सुनंला म्हणलो, "आण तिला आपल्याकडं."

जालन्याच्या मस्तगडातली आमची गल्ली लई तोंडाळ. पोरं नीमाच्या मागं कायबाय वरडायची. समोरच्या शांताबाई तर म्हणल्या, "अण्णा, लाईट गेल्यावर सापडती का तुमची पोरगी?"

"सापडती की," मी म्हणलो. "पण तुम्ही गप बसलात, तर अंधारात तुम्हीबी सापडणार न्हाई."

पण नीमा मिटत गेली. एक दिवस सून म्हणली, "मामा, तिनं बॅग भरली. वर्ष अर्ध्यात सोडून चालली."

निघायच्या सकाळी नीमानं चहा केला. मी खाटंवर बसल्तो. ती आली, माझ्यासमोर गुडघे टेकले अन् दोन्ही हातांनी कप पुढं केला.

माझं डोकं फिरलं. गल्लीनं पोरीला इतकं वाकवलं? "उठ!" मी वरडलो. "या घरात कुणी गुडघे टेकत न्हाई! बिलकुल न्हाई!"

चहा हिंदकळला. डोळे भरले, पण पोरगी उठंना. सुनंनं इंग्रजीत इचारलं, मंग मला म्हणली, "मामा, तिच्याकडं आजोबाला असाच चहा देतात. लाचारी न्हाई ती, मान हाय. तुम्हाला आजोबा समजून दिऊन राह्यली."

आता बापाचा शब्द मोडायचा न्हाई, अन् पोरीचा मान सांडायचा न्हाई. मी खाटंवरून उतरलो अन् तिच्यासमोर फरशीवर मांडी घातली. हाडं कडाकडा वाजली. नीमा बघत राह्यली, मंग फिसकन हसली. बरोबरीनं बसून मी कप घेतला.

"तुझाबी चहा आण," म्हणलो. "अन् बॅग रिकामी कर."

तवापासून रोज सकाळी ओट्यावर, साऱ्या गल्लीच्या डोळ्यादेखत, आम्ही खाली बसून चहा प्यायलो. शांताबाईला शेवटी ऱ्हावलं न्हाई. "अण्णा, शेजाऱ्याला इचारायची पद्धत हाय का न्हाई?" नीमानंच कप नेला, अन् तशीच गुडघ्यावर बसली. "अगं उठ माय, उठ," म्हणत शांताबाई स्वतःच उंबऱ्यावरून उतरून तिच्यासमोर खाली बसल्या. मंग गल्लीतलं वरडणं त्यांनीच बंद केलं. तोंड हाय ना तेवढं.

नीमा वर्ष पुरं करून, ताठ मानंनं गेली.

तुम्ही म्हणता, म्हातारा झालास, आता तरी घरी ये. येतो की, गाव माझंच हाय. पण परवा नीमानं फोनवर आपला आजोबा दाखवला. स्टुलावर ऐटीत बसल्ता. मला बघून त्यानं काठी बाजूला ठेवली अन् हळूहळू जमिनीवर उतरला. मीबी खाटंवरून उतरलो. जिथं आपल्यासाठी कुणी खाली उतरून बसतं, ते घर. माझं असं एक घर टांझानियातबी हाय, हे तिकडं पारावर सांगा.