कावेरीकाकीचं पित्त

आमच्या वाडीत कोण कसं बोलतं ते मला विचारा. रुक्मिणीआजीचं प्रत्येक वाक्य सुस्काऱ्याने सुरू होतं. टेम्पोवाला गंगाराम बोलतानाही मध्येच गिअर बदलतो. पण आजीच्या सुनेची, कावेरीकाकीची नक्कल मला कधी जमली नाही. वेंगुर्ल्याच्या कारखान्यात दिवसभर काजू फोडून ती यायची, पाणी भरायची, आणि विचारलं तर एवढंच म्हणायची, "बरां आसा."

लग्नाला बरीच वर्षं झाली तरी पाळणा हलला नव्हता. नवरा सत्यवान बोटीवर. तो सुटीवर आला की वाडी सल्ले द्यायची, गेला की टोमणे. शेवटी त्याच्या एका सुटीत सावंतवाडीच्या डॉक्टरीणबाईंनी बीज तयार व्हायच्या गोळ्या दिल्या आणि शुद्ध, तोललेल्या मराठीत बजावलं: पाळी चुकली की लगेच या, एका बाजूला दुखलं तर थांबू नका.

पाळी चुकली. पण तिसरा महिना सरेपर्यंत दिवस गेल्याचं बाहेर कळू द्यायचं नाही, दृष्ट लागते. सावंतवाडीला निघालं तर बसमध्येच चारचौघी विचारणार, म्हणून आजीने जाणं पुढे ढकललं. इतक्या वर्षांनी सासू गोड बोलत होती. काकीने वाद घातला नाही.

मग डावीकडे दुखायला लागलं. ओव्याचं पाणी झालं. दुसऱ्या दिवशी खांदाही दुखू लागला, उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी. शेजारच्या जानकीने विचारलं तर आजी म्हणाली, पित्त. जवळच्या दवाखान्यात काकीला धरून आम्ही नेलं, तर बाकावर सगळ्या ओळखीच्या बायका. कंपाउंडरलाही आजीने पित्तच सांगितलं. तो गुलाबी औषधाची बाटली भरू लागला.

काकी भिंत धरून उठली. तोंड पांढरंफटक.

"माका दिवस गेलेत," ती म्हणाली. "गोळये खाल्लंय. ह्यां पित्त नाय."

"गप गो, लोकां आसत."

"आसू देत. मी मेलंय तर हीच लोकां रडाक येतली."

ते ऐकून आतले डॉक्टर बाहेर आले, म्हणाले, आत्ताच्या आत्ता सावंतवाडीला न्या. समोरून जाणाऱ्या गंगारामने मासळीच्या टोपल्या रस्त्यातच उतरवल्या आणि टेम्पो थेट सावंतवाडीला नेला. ऑपरेशन झालं. गर्भ पिशवीत नव्हता, नळीत राहिला होता, डॉक्टरीणबाई म्हणाल्या; या गोळ्यांनंतर क्वचित असं होतं. फुटलेली नळी काढली, दुसरी शाबूत आहे. "आणखी थांबला असतात तर," एवढं बोलून त्या हात धुवायला गेल्या.

काकी पुन्हा कारखान्यात जाऊ लागली. एका संध्याकाळी आजीने सुस्कारा सोडून विचारलं, दुसरी नळी आसा मा?

काकी पायरीवर बसून बोटांवरचा काजूचा काळा चीक घासत होती. तिने मान वर केली नाही.

"गोळये परत खातलंय," ती म्हणाली. "पण पाळी चुकली की त्याच दिसाक सावंतवाडी. आणि बसमध्ये सगळ्यांका मीच सांगतलंय."

या वेळी आजीने नुसताच सुस्कारा सोडला.