चेतापेशींची खोली आणि शरयूआक्का

डॉ. शरयूआक्कांची आणि माझी पहिली गाठ अंड्यांवरून पडली. त्यांच्या प्रयोगशाळेत मी नवाच दाखल झालो होतो. त्यांनी अंडी आणायला सांगितली, मी बेळगावच्या कॅम्प भागातल्या दुकानातून पांढरीशुभ्र अंडी आणली. इथला प्रत्येक नवा विद्यार्थी ही चूक करतोच. आक्का म्हणाल्या, ह्यांचं आमलेट होईल, पिल्लू न्हाय; शेजारच्या काकती गावात जा आणि कोंबडा असलेल्या खुराड्यातली अंडी आणा. आमलेट मात्र त्यांनी स्वतः करून मला खाऊ घातलं.

अंड्यातल्या कोवळ्या गर्भाच्या चेतापेशी काढून बशीत वाढवायच्या, हे आक्कांचं आयुष्यभराचं काम. वाढ-घटक म्हणजे एक प्रथिन; त्याचा थेंब पडला की पेशीतून धागा निघतो. पण तो पुढे सरकतो कशाच्या बळावर? पेशीच्या आत बारीक नळ्यांचा आणि तंतूंचा सांगाडा असतो, त्याच्या. तो मोडणारं औषध आक्कांनी घातलं, धागा आखडला. औषध धुऊन काढलं, तसा पुन्हा निघाला. ते बघताना मी जेवायचंही विसरलो.

असलं काम बेळगावात कशाला, पुण्याला नाहीतर बंगळूरला जा, असं त्यांना कितीजणांनी सुनावलं. निपाणीच्या आक्का, त्या कसल्या ऐकतात!

यंदा त्यांची पंचाहत्तरी. संस्थेने सत्कार ठरवला आणि त्याच आठवड्यात ऑफिससाठी जागा हवी म्हणून प्रयोगशाळेला कुलूप ठोकलं. आत एका विद्यार्थिनीच्या पेशी वाढत होत्या, तिचा सगळा प्रबंध त्यांच्यावर होता. मला संताप आला, अजूनही येतो.

सत्काराला अध्यक्ष शाल घेऊन पुढे झाले. आक्का खुर्चीतून उठल्याच नाहीत.

"शाल ऱ्हाऊ दे, अण्णा. आधी खोलीची किल्ली द्या. पोरीच्या पेशी आत उपाशी हायत."

अध्यक्षांनी इकडेतिकडे बघितलं. आक्कांनी हात पुढे केला तो मागे घेतला नाही. शेवटी किल्ली आली. आक्का तडक खोलीकडे निघाल्या आणि त्यांच्यामागे अख्खं सभागृह. पेशी वाचल्या, पोरगी आक्कांच्या गळ्यात पडून रडली.

किल्ली अजून आक्कांकडेच आहे. परत करा म्हणून निरोपावर निरोप येतात.

आक्का, तुम्हाला विश्रांती लाभो असं आम्ही मुळीच म्हणणार नाही. शंभरी गाठा, ठणठणीत राहा, रोज खोली उघडा. किल्ली मागायला कोण येतंय ते आम्ही दारात उभं राहून बघतो.