काकाच्या स्कोपमधलं धुकं

माझा धाकटा काका चष्मेवाला होता, आणि माझ्यापेक्षाही तिरसट. चाळीस वर्षं त्यानं गल्लीचे डोळे तपासले आणि प्रत्येकाला एकच दम भरला, "दुखणं अंगावर काढू नका." रविवारी मात्र शटर खाली, रायफल गाडीत, आणि काका नेमबाजीच्या मैदानावर पालथा. शेजारी मी, मलाही त्यानंच शिकवलं होतं. आठशे मीटरपर्यंतच्या सगळ्या लोखंडी थाळ्या त्यानं वाजवल्या होत्या. हजारावरची तेवढी राहिली होती. "ती एकदा वाजली की मी सुटलो," म्हणायचा. ते रविवार आठवले की आजही जीव कासावीस होतो.

त्या थाळीसाठी त्याला भारीतला स्कोप हवा होता, म्हणजे रायफलवर बसवायची दुर्बीण. मला ओढतच दुकानात नेलं. दुकानदार बिचारा किती पट मोठं दिसतं ते सांगायला लागला.

"मोठं काय करायचंय? मला मुंगीच्या मिशा मोजायच्या नाहीत. नेम सरकवायची डायल दाखवा."

डोळे मिटून, कान लावून त्यानं डायल चाळीस खटके वर नेली, चाळीस खाली आणली. मग रस्त्यापलीकडच्या औषधाच्या दुकानाची पाटी बघितली. "काचेत धुकं आहे. दुसरा द्या." दुसऱ्यातही धुकं, तिसऱ्यातही. चौथा तर दुकानदारानं तान्ह्या बाळासारखा फडक्यातून काढला. "यातही धुकं! फसवता काय लोकांना?"

मी चौथा डोळ्याला लावला. पाटीवरचा फोन नंबरसुद्धा लख्ख दिसत होता. तिसऱ्यातही.

"काका, धुकं काचेत नाहीये."

"मग काय माझ्या डोळ्यात आहे? गेल्याच महिन्यात तक्ता वाचलाय मी, शेवटच्या ओळीपर्यंत!"

"तो तक्ता तुला पाठ आहे!" मी सगळ्यांसमोर ओरडले. "उलटा म्हणून दाखवशील तू!"

दुकानदार मान खाली घालून आधीच स्वच्छ असलेली काच पुसत बसला. काका हळूच म्हणाला, "मोतीबिंदू असेल गं."

नव्हता. दोन्ही डोळ्यांचे पडदे झिजले होते. गेलं ते परत येणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं.

आठवड्यानं तो मला पुन्हा त्याच दुकानात घेऊन गेला. "तू बघ. मला सांग." जन्मात त्यानं कुणाला विचारून काही घेतलं नव्हतं. कडेला रंग फाकतो का, रेघ बारीक आहे का, सावलीतलं दिसतं का. तो विचारत होता, मी बघत होते. चौथाच घेतला.

हजार मीटरवर यावेळी रायफल माझ्या हातात होती. वारा त्यानं गालावर जोखला, खटके त्यानं सांगितले. मी चाप ओढला. बार होताच काकानं कानावरची झाकणं काढली. इतक्या लांबून थाळीचा आवाज यायला चार-पाच सेकंद लागतात. मला मात्र थाळीच्या बाजूला उडालेली धूळ आधीच दिसली होती.

"लागली?"

"लागली, काका. मधोमध." त्याचा चेहरा बघून खरं बोलवेना.

त्यानं माझ्या पाठीत धपाटा घातला. "गाढवे, मला दिसत नाही, ऐकू येतं! खरं सांग, कुठे पडली?"

"वीतभर उजवीकडे." माझा बांध फुटला.

"मग दोन खटके डावीकडे घे. आणि आधी डोळे पूस."

मी दुसरी गोळी झाडली. या खेपेला मला काही सांगावं लागलं नाही.