कर्नल आणि बसरावाला

"काहून घासून राहिला गा! थांब! माणूस पुसून राहिला तू, माणूस!"

कर्नल ओरडले तेव्हा नागपूरच्या महाल भागातल्या एका सराफाच्या हातून पदक उडालं, बाहेर दोन स्कूटरवाले एकमेकांवर आदळले आणि पार गांधीबागेतल्या कापडवाल्यांनी शटर ओढून घेतली, असं मी तरी सगळ्यांना सांगतो. सराफ बिचारा मोडीत आलेल्या चांदीची कडा कसोटीच्या दगडावर घासून पाहत होता. कर्नलना त्या कडेवर अक्षरं दिसली होती. पहिल्या महायुद्धातलं इंग्रजांचं पदक; त्याच्या कडेवर शिपायाचा नंबर आणि नाव ठोकलेलं असतं. नंबर दगडावर गेला होता. नाव वाचलं होतं: तुकाराम. वितळवायच्या भावात कर्नलनी ते घेतलं आणि शिपायाच्या घरी पोचवायची शपथही तिथल्या तिथे घेतली, माझ्या वतीनेसुद्धा. मी त्यांचा शेजारी. माझा गुन्हा एवढाच, की माझ्याकडे स्कूटर होती.

कर्नल सैन्यात कधीच नव्हते. तीनदा भरतीला गेले, तीनदा सपाट तळव्यांपायी परत आले. "नुकसान देशाचं झालं," असं ते अत्यंत नम्रपणे, दर जेवणाला सांगत. मग तीस वर्षं हिंगण्याच्या कारखान्यात सुट्या भागांवर नंबर ठोकले. "ज्याले नंबर नाही तो माल नाही," हे त्यांचं एकमेव तत्त्वज्ञान. घरच्या पोळपाटावरही त्यांनी नंबर ठोकला होता, आणि तो पोळीवर उमटत असे.

लष्करी कचेऱ्यांना त्यांनी इतकी पत्रं लिहिली की आमचा पोस्टमन त्यांना पाहून रस्ता बदलायचा. वर्षभराने उत्तर आलं: कृपया शिपायाचा नंबर कळवावा. कर्नल भिंग घेऊन सराफाकडे गेले आणि तासभर दगड वाचत बसले. गिऱ्हाइकांना वाटलं, धाड पडली.

शेवटी ते माझ्या स्कूटरवर मागे बसून गल्लोगल्ली विचारत सुटले, "तुमच्याकडचं कोणी लढाईले गेलं होतं का गा?" दोन वर्षांत अर्ध्या नागपूरने आपापला आजा काढून दाखवला. त्यातल्या तिघांनी महायुद्ध एकट्याने जिंकलं होतं. मग एका बौद्ध वस्तीत ऐंशीच्या शांताबाई भेटल्या.

"माह्या आज्याचं नाव तुकाराम. समुद्रापार इराकात, बसऱ्याले लढून आला, म्हून त्याले समदे बसरावाले म्हणत. त्याचा बिल्ला आमच्या मोठ्या पोरानं मोडीत देल्ला."

"कसा होता बिल्ला?" कर्नलचा आवाज प्रथमच खाली आला.

"घोड्यावर उघडा माणूस होता त्याच्यावर. आजी म्हणे, एवढ्या लांब लढाले नेलं, अन् कपडे नाही देल्ले मेल्यानं!"

कर्नलनी खिशातून पदक काढलं. घोडा होता. माणूस होता. कपडे नव्हते.

बाईंनी ते पदराने पुसलं आणि मुठीत धरून ठेवलं. कर्नलनी उभं राहून सॅल्यूट ठोकला. सपाट पायांवर, पण कडक. मग वही उघडून, तीन वर्षं जपलेला प्रश्न विचारला, "आई, लढाईचं काय सांगत होते आजोबा?"

बाईंनी बराच विचार केला. "म्हणे, लय मच्छर होते."

कर्नलनी तेही लिहून घेतलं आणि खाली दोन रेघा मारल्या.

गेल्या हिवाळ्यात कर्नल गेले. त्यांच्या पोळपाटावरचा नंबर मी अजून पाठ म्हणू शकतो. दुसरी इस्टेट त्यांनी ठेवली नाही. शांताबाईंना सांगायला गेलो तर त्या दारात बसून चिंचेने पदक घासत होत्या. लखलखत होतं. कडा पार गुळगुळीत झाली होती, त्यावर तुकाराम जेमतेम उरला होता. आणि माझ्याच तोंडून, त्याच पट्टीत, कर्नल ओरडले, "काहून घासून राहिल्या आई! नाव पुसून जाईल नं!"

बाईंनी मान वर केली नाही.

"जाऊ दे. आता घरीच हाये नं तो."